टिकलीएवढी खूण

गोणपाटाची सुतळी मी दातांनी तोडली, हेड बाहेर काढलं आणि तीनदा उलटंपालटं करून बघितलं. खूण नव्हती.

"आबा, हे आपलं हेड नव्हे."

आबा वकिलांच्या गाडीपाशी पाटावर बसून पाने मांडत होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, एका ओळीत. त्यांच्या पान्यांना कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

"आपलं न्हाई म्हंजे? सकाळी घेतलं तेच हाय की."

"मी खूण केली होती. नेलपॉलिशचा लाल ठिपका, टिकलीएवढा. सायलेन्सरचा पाइप बसतो त्या बाजूला. तो इथं नाहीये. आवटीअण्णांनी हेड बदललं."

आबांचा हात थांबला. मला वाटलं, आता संतापतील. संतापले, पण माझ्यावर.

"आवटीच्या दुकानात तू खूण केलीस? कुणाला इचारून?"

जुन्या बाजारात खूण करायची रीतच आहे. गाडीचा वापरलेला भाग निवडला, की गिऱ्हाईक त्यावर गुपचूप काहीतरी करून ठेवतं. कुणी पंच ठोकून बारीक टिंब पाडतं, कुणी खिळ्यानं ओरखडा काढतं. म्हणजे दुकानदारानं बांधून देताना हातचलाखी केली, तर घरी गेल्यावर कळतं. पण सांगलीच्या शिवलिंग आवटीच्या दुकानात आबांनी वीस वर्षांत कधी खूण केली नव्हती. तिथं खूण करायची म्हणजे त्या माणसाला तोंडावर चोर म्हणायचं, असं ते मानत.

मी मानत नव्हते. माझ्या नाकावर तेव्हा सदा राग असे, आणि त्या वर्षी त्याला कारणही होतं. तासगावात आबा, माझे वडील महादेव लोहार, म्हणजे म्हादू मिस्त्री, आणि म्हादू मिस्त्रीनं खोललेलं इंजिन पुन्हा खोलावं लागत नाही, ही आमच्या घराची सगळी कमाई. वैशाखात दोन गाड्या परत आल्या. दोन्हींत आवटीच्या दुकानातला माल. एकीचं इंजिन माळावर भर उन्हात अडकून बसलं, गाडीत म्हातारी माणसं होती. दोन महिन्यांत गॅरेज ओस पडलं. मग शेणोलीकर वकिलांनी गाडी आणून लावली, आणि जाताना चारचौघांत म्हणाले, "म्हादू, जुनी ओळख म्हणून देतोय. रविवारी पाहिजे. ही परत आली, तर तुझं गॅरेज संपलं म्हणून समज."

म्हणून मी आबांबरोबर सांगलीला गेले. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. इंजिन बसवता येत नव्हतं, पण गॅरेजात वाढल्यामुळे कशाला काय म्हणतात ते कळत होतं. स्टँडवर आबांनी विचारलं, "शालन, पाटी काय म्हणतीया?" चष्मा घरी राहिला होता. चष्मा त्यांचा नेहमीच राहायचा.

हेड म्हणजे इंजिनचं झाकण. त्याला खालून बरीच भोकं असतात. काही बोल्टची, काही पाण्याची, एकदोन ऑइलची. वकिलांच्या गाडीची गंमत अशी होती, की कंपनीनं मध्येच कधीतरी हेडात बदल केला होता. जुनं आणि नवं हेड शेजारी ठेवलं तर जुळी भावंडं वाटावीत. दोन्ही बसतात, दोन्हींवर गाडी सुरू होते. पण वरच्या भागाला ऑइल पुरवणारं एक बारीक भोक नव्या हेडात दुसरीकडे गेलं होतं, आणि जुन्या जागी नुसता खळगा राहिला होता. चुकीचं हेड बसवलं, की गाडी शंभरेक किलोमीटर गुमान चालते आणि मग वरचं सगळं कोरडं पडून झिजून जातं. हे आबांनीच मला बसमध्ये समजावून सांगितलं होतं.

हेडवर ओतीव नंबर असतो, तो बघायचा. पण जुन्या मालात तो निम्मा गंजलेला. म्हणून जाताना आपल्या इंजिनचं जुनं पॅकिंग, म्हणजे हेडखालचा तो भोकाभोकांचा पत्रा, बरोबर न्यायचा आणि हेडवर ठेवून भोकाला भोक जुळवायचं. आबांनी तसंच केलं. आवटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवे बसून सात हेडं बाजूला घेतली, नंबरावरून अंगठा फिरवला, पॅकिंग ठेवलं आणि एकेका भोकातून करंगळी फिरवत गेले. आबा डोळ्यांनी नाही, बोटांनी बघतात, असं आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची. बाजारातली माणसंही थांबून बघायची.

"हे घेतो, अण्णा," आबा म्हणाले.

आवटी तोंडात तंबाखू धरून बसला होता. दांडगा, तिरसट माणूस. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. "घे. मी काय ह्योच घे म्हणत न्हाई. तुझं तू बघितलंस न्हवं? जावा, च्या पिऊन या. बांधून ठेवतो."

हा चहा मला खटकला. आई म्हणायची, आवटी फार माणुसकीचा, दरवेळी चहाला पाठवतो. दरवेळी का? दुसरा कुठला दुकानदार तर पाणीही विचारत नव्हता. आबा उठून पुढं झाले आणि मी पर्समधली बाटली काढून ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला.

आणि आता हेडवर ठिपका नव्हता.

"पुसला असंल," आबा म्हणाले.

"नेलपॉलिश पुसत नाही असं."

"बसतंय का बघू आधी." त्यांनी पॅकिंग ठेवलं, बोट फिरवलं. "बसतंय की. काय फरक न्हाई. झाकपाक कर आता."

"आबा, त्यानं चांगलं हेड काढून घेतलं आणि हे माथी मारलं! वैशाखातही असंच झालं असणार. तुम्ही निवडता एक, तो बांधतो दुसरं, आणि गाव नावं ठेवतं तुम्हाला! तुम्ही निवडलेलं कधी चुकलंय का?"

आबा पुन्हा पान्यांची ओळ सरळ करू लागले. मी म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं मी जाणार. तुम्ही आला नाहीत तर एकटी जाणार. रात्रभर त्यांनी आईशीही बोलणं टाकलं, आणि सकाळी धोतर नेसून दारात उभे राहिले. मी एकटी जाऊन भांडेन, या धास्तीनं ते आले. हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला.

शनिवारचा बाजार. हमालानं हेड आवटीच्या दारात आदळलं. आवटी कुणाला तरी शिव्या देत होता, तो आम्हाला बघून थांबला.

"काय गं, परत आलीस?"

"माझं हेड कुठंय?"

"ह्ये काय म्होरं पडलंय."

"खोटं बोलू नका. मी खूण केली होती."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मला बरं वाटलं. चोर सापडला की असाच दिसतो, असं मी मनात म्हटलं. पण तो माझ्याकडं बघत नव्हता, आबांकडं बघत होता.

"म्हादू, घिऊन जा ह्ये हेड. बसवून बघ. न्हाई चाललं तर माझ्या तोंडात शेण घाल. पोरीला घे आन जा."

"जा कुठं?" माझा आवाज इतका चढला की शेजारचा रेडिएटरवाला हातातलं काम टाकून आला. त्याच्या मागून आणखी दहाबारा जण. मला तेच हवं होतं. "सगळ्यांनी ऐका! माझ्या बापानं वीस वर्षं ह्या माणसावर विश्वास टाकला. कधी खूण केली नाही, कधी शंका घेतली नाही. आणि हा चहाला पाठवून मागं माल बदलतो! दोन गाड्या परत आल्या आमच्या. आमचं गॅरेज बंद पडायची पाळी आलीय. बोला की आता! मूग गिळून का बसलात?"

ज्या माणसाच्या तोंडाला सगळा बाजार वचकून असे, तो एका पोरीपुढं मान खाली घालून पायानं माती उकरत होता. त्यामुळं माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणखी बोलले. त्याच्या म्हातारपणावर बोलले, त्याच्या कपाळावरच्या भस्मावर बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. आठवतं मात्र शब्दन् शब्द.

"शालन, बास," आबा म्हणाले. मग पुढं होऊन हळूच म्हणाले, "अण्णा, पोरगी तापट हाय, मनावर घिऊ नगा. पर मला खरं सांगा. बदललं?"

आवटीनं तंबाखू थुंकली. तोंड पुसलं.

"व्हय. बदललं."

बाजारात एकदम गलका झाला. आबांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

"का, अण्णा?"

"का म्हंजे? चांगलं हुतं ते. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं हुतं. झालं? ऐकलंसा समद्यांनी? चोर हाय मी." मग माझ्याकडं वळून तो इतका ओरडला की मी दचकले. "झालं न्हवं तुझं समाधान? आता बापाला घे आन बस पकड!"

तिथंच थांबायला हवं होतं. त्यानं मला वाट करून दिली होती, रुंद, मोकळी वाट. आबांचं नाव त्या क्षणी धुतल्यासारखं स्वच्छ होऊन बाजारभर झालं होतं. पण मला पुरावाही हवा होता. मला ते हेड हातात घेऊन आबांना दाखवायचं होतं, की बघा, तुमचं कधीच चुकलं नव्हतं.

मी शेडमध्ये घुसले. आवटी "ए, ए पोरी" करत आडवा आला, त्याला ढकलून गेले. पोत्यांच्या मागं, पत्र्याखाली ते सापडलं. हमालाला हाक मारून मी ते बाहेर उजेडात आणलं. भर सकाळचं ऊन होतं. काळ्या लोखंडावर माझा ठिपका लालभडक दिसत होता, पार रस्त्यावरून दिसावा असा.

"आबा, हे बघा! ही बघा माझी खूण!"

आबा वाकले.

"कुठाय?"

"ही काय!"

"कुठं, शालन?" त्यांनी हात पुढं केला. तो हात लोखंडावरून फिरला, कडेनं गेला, परत आला, पलीकडच्या बाजूला गेला. ठिपका त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर होता. "कुठल्या बाजूला म्हणालीस?"

रेडिएटरवाल्यानं मान फिरवली. गलका आपोआप थांबला, आणि त्या शांततेत आबांची बोटं लोखंडावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. नेलपॉलिश बोटाला लागत नाही. वाळलं की ते लोखंडाचंच होऊन जातं.

आवटी आत गेला आणि तसलंच एक जुनं पॅकिंग आणि एक तार घेऊन आला.

"आता बघच. तुला बघायचं हुतं न्हवं?" त्यानं लाल ठिपक्याच्या हेडवर पॅकिंग ठेवलं आणि ऑइलच्या भोकात तार घातली. नखाएवढी आत गेली आणि अडली. खळगा होता नुसता. मग त्यानं दुसऱ्या हेडवर, आम्ही परत आणलेल्या हेडवर, पॅकिंग ठेवलं आणि तीच तार सोडली. ती सरळ आरपार गेली.

"बोटाला दोनी सारखीच लागत्यात," आवटी म्हणाला. "डोळ्यानं बघावं लागतंय ह्ये, न्हाईतर तारंनं. तीन वर्सांमागं ह्यानं माझ्याकडनं एक क्रँक घेतला. तडा गेलेला, आंधळ्यालाबी—" तो तिथं थांबला. मग म्हणाला, "तवा कळलं मला. तवापास्नं ह्यो निवडतोय आन मी च्याला पाठवतोय. वैशाखात बायकोच्या आपरेशनला मी महिनाभर सोलापुरात. दुकानात पुतण्या. त्याला काय सांगून गेलो न्हवतो मी."

"सांगायचं होतंत ना!" मी किंचाळले. "आम्हाला सांगायचं होतंत! त्यांच्या हातच्या गाड्यांत माणसं बसतात!"

"तुला सांगू? तुझं हे तोंड बघून?" तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. "तीन वर्सं झाकलं मी! मघाशी चोर म्हणून घेतलं समद्यांम्होरं, तरी तुझं पोट भरलं न्हाई!"

आम्ही दोघं तिथं उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो, आणि ज्यांच्यासाठी ओरडत होतो ते आबा एका जुन्या टायरवर बसले होते. त्यांनी विचारलं,

"अण्णा, किती येळा बदललंसा?"

आवटीचा आवाज एकदम बसला. "मोजलं न्हाई, म्हादू."

"पयल्यापास्नं समदीच?"

आवटी पुन्हा पायानं माती उकरू लागला. आबांनी मान हलवली, दोनदा. मग धोतर झटकून उठले. "चल शालन. उद्या गाडी द्यायचीय."

त्यांनी चांगलं हेड गोणपाटात बांधून घेतलं. संध्याकाळी मी गॅरेजात बसून एकेका भोकातून तार घालत गेले आणि आबा बोल्ट आवळत गेले. आम्ही कामापुरतं बोललो. रविवारी वकील गाडी घेऊन गेले. ती गाडी परत आली नाही. पुढं दहा वर्षं मला ती रस्त्यानं जाताना दिसायची.

पण सांगलीच्या बाजारातली गोष्ट माणसाच्या आधी तासगावात पोचते. सोमवारी सगळ्यांना कळलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. लोक येऊन बसत, आबांची चौकशी करत, चहा पीत आणि गाडी दुसरीकडं नेत. दसऱ्याला आबांनी पान्यांची पूजा केली आणि दिवाळीआधी गॅरेजला कुलूप लावलं. आवटीनं तीन वर्षं सांभाळलेलं नाव मी पाच मिनिटांत बाजारात नेऊन फोडलं होतं, नाव सांभाळायला म्हणून गेले होते ती मी.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यात थोडा उजेड. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "तीनेक वर्षांपूर्वी आणलं असतंत तर बरंच वाचवता आलं असतं."

मी तिथून घरी गेले नाही. आबांना आईबरोबर बसमध्ये बसवलं आणि तडक सांगलीच्या बाजारात गेले. आवटी लोखंड जोखत होता. मी त्याला डॉक्टरांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. दोनदा सांगितलं. त्याला ते लागावं, रुतावं, म्हणून सांगितलं.

त्यानं तराजूतलं लोखंड खाली ठेवलं.

"मला काय म्हाईत, पोरी," तो म्हणाला. "मला हेड बदलता येत हुतं. मी हेड बदललं."

मी तशीच परत फिरले. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माझ्यावरचाही नाही. त्यातला कुठला मोठा हे मी ठरवायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

आबा पुढं अकरा वर्षं जगले. माझ्याशी चांगले वागले, माझ्या लग्नात हौसेनं मिरवले, नातवाला मांडीवर घेऊन बोटानं त्याचे दात मोजले. दवाखान्याला जाताना आम्ही दोघंच असायचो. तासगावच्या स्टँडवर मी त्यांच्या शेजारी, हाताला हात लागेल इतकी जवळ उभी असायचे. बस आली की आबा दुसऱ्या बाजूला वळत आणि कुणीही असो, त्या परक्या माणसाला विचारत, "पाव्हणं, पाटी काय म्हणतीया?"